लेलीस्टाडची आडवी सायकल: दुकानदाराची 'पंधरा मिनिटं' आणि बांधावरचा वारा

"पंधरा मिनिटांत जमतं सगळ्यांना," असं नेदरलँड्समधल्या लेलीस्टाडला आडवी सायकल (रेलून बसून, पाय पुढे करून चालवायची, म्हणजे रिकम्बंट) भाड्याने देणारा दुकानदार म्हणाला की मान डोलवा आणि दुकानामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये चांगला तासभर काढा. आम्ही ॲम्स्टेलवेनची मंडळी, सगळे रोज सायकलने ऑफिसला जाणारे. पंधरा मिनिटांत एकालाही धड सरळ जाता आलं नाही. रोजची सवयच इथे नडते. तोल गेला की एरवी आपण अंगाने सावरतो. रिकम्बंटवर पाठ सीटला टेकलेली, त्यामुळे सगळा जोर हँडलवर येतो आणि सायकल नागमोडी पळते. खांदे सैल सोडा, हँडल बोटांनी नुसतं धरा, बघा लांब. पाय डोळ्यांसमोरच फिरत असतात, नजर तिकडे गेली की आडवे झालातच. उंची नसल्याने लागत फारसं नाही, कोपर सोलवटतं.

आता पैशांचं. पायडलं ज्या पुढच्या दांड्यावर असतात, तो प्रत्येकाच्या पायाच्या लांबीप्रमाणे आतबाहेर करावाच लागतो. त्याचे माणशी दहा युरो वेगळे लावले, तेही परत आल्यावर. चप्पल विकून अंगठ्याचे पैसे निराळे मागण्यातला प्रकार. निघण्याआधी एकूण आकडा लिहून घ्या. आरसा आणि झेंडा त्यातच मागा. या सायकलवर मागे वळून बघता येत नाही, आणि ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

लेलीस्टाडहून एन्कहाउझनला जाणारा हाउट्रिबडाइक म्हणजे २५ किलोमीटरहून लांब बांध, दोन्हीकडे पाणी, आडोसा शून्य. पण खरी परीक्षा बांधावर नाही, सुरुवातीच्या लॉकपाशी, म्हणजे बोटी पलीकडच्या पाण्यात सोडणाऱ्या दरवाजांपाशी. बोटींसाठी पूल उघडला, आम्ही थांबलो, मागे सायकलींची रांग. पूल परत खाली आला आणि चढावर, जड गिअरमध्ये, शून्यातून निघायचं! पायडलवर उभं राहता येत नाही, सायकल ढकलायला दुसरा पाय कामाचा नाही. मी तीनदा निघालो, तीनदा कठड्याकडे गेलो, मागच्या आजीबाई घंटी वाजवत पुढे गेल्या. थांबण्याआधी गिअर हलका करा. डिरेलरचा, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअर थांबल्यावर बदलत नाही. एक पायडल वर, पाय त्यावर ठेवून तयार, आणि निघताना जोरात दाबा, भीत भीत नाही. अगदी आखूड वळण घेताना टाच पुढच्या चाकाला घासते, तेव्हा त्या बाजूचं पायडल वरच ठेवा.

बांधावर समोरून तिरका वारा होता. रेसिंग सायकलवाले मान खाली घालून कण्हत होते आणि आम्ही आरामखुर्चीतून त्यांना मागे टाकत होतो! १९३३ साली फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूने पॅरिसमध्ये अशाच सायकलवर तासात ४५.०५५ किलोमीटर मारून विक्रम मोडला, तर पुढच्याच वर्षी सायकल महासंघाने या सायकलीच अधिकृत विक्रमांतून बाद केल्या. लॉकवर मीही त्याच मताचा होतो. बांधावर फॉरच्या बाजूचा झालो.

परतीचं लिहिण्यासारखं काही नाही, वारा पाठीशी होता.

तीनचाकी मिळत असेल तर पहिल्यांदा तीच घ्या, तोलाचा प्रश्नच मिटतो. मात्र पायडलला अडकणारे क्लिपचे बूट हवेतच: पाय निसटून जमिनीला लागला तर सीटखाली ओढला जातो. आणि जायचं तर शनिवारी. रविवारी गेलात तर दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरतात की सोमवारी ऑफिसचा जिना चढवत नाही.