तुम्ही विचारलंत म्हणून : वजा १६१.२

"मॅडम, तुम्ही स्वतः कॉलेजात शिकवत होतात. मग पैसे घेऊन मुलांची गणितं सोडवून देताना काहीच वाटत नाही का हो?"

वर्षातून तीन-चारदा तरी हा प्रश्न येतो. बहुतेकदा जुन्या सहकाऱ्यांकडून, आणि तोही लग्नाच्या पंगतीत, उठून जाता येणार नाही अशा वेळी. एकदा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढायला आलेल्या अनोळखी गृहस्थांनीही विचारला. सासूबाई त्यांच्या पद्धतीनं विचारतात : "अगो, पोरांची गणितं तूच सोडवतेस, तर परीक्षेलाही तूच जाऊन बस." मी आजवर हसून विषय बदलत आले. आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

पैशाचं आधी, कारण सगळ्यांची सुई तिथंच अडकते. एका गणिताचे वीस रुपये. झेरॉक्स दोन रुपये पान. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, सबमिट करायच्या आठवड्यात दुकानात उभं राहायला जागा नसते, एरवी माशा मारते. वर्षभरात या गणितांचे जे काही येतात त्यात दुकानाचं लाइटबिलही भागत नाही. मग फुकट का देत नाही? तर फुकट दिलं की चाळीसजण येतात. (हे उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता मलाच ते खरं वाटायला लागलंय.)

खरं असं की मला हे काम आवडतं. नऊ वर्षं मी तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवलं. घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि जे मिळायचे तेही चार-पाच महिन्यांनी एकरकमी. माझ्या पगाराची सरासरी काढली तर बरी दिसायची. बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा, मात्र शून्य होता. त्या नऊ वर्षांत वर्गात मला कुणी मनापासून प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. काउंटरवर विचारतात. भिजलेली सॅक मांडीवर घेऊन, छत्रीचं पाणी माझ्या कागदांवर गाळत विचारतात, "मॅडम, पाच आकड्यांची एसडी माझी १.०२ येतेय, ह्याची मोबाइलवर १.१४ येतेय, कोण चुकलं?" (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप.) कुणीच चुकलेलं नसतं. एकानं पाचनं भागलेलं असतं आणि दुसऱ्यानं चारनं. कॅल्क्युलेटरवर सिग्मा एन आणि सिग्मा एन वजा एक अशी दोन बटणं शेजारीशेजारी असतात आणि त्या दोन बटणांत अर्धं संख्याशास्त्र दडलेलं असतं : हातात आहे तेवढाच माल मोजायचाय, की हा नमुना बघून गोदामातल्या मालाबद्दल बोलायचंय? हे मी वर्गात पंचेचाळीस मिनिटं बोलले असते तर मागच्या बाकांवर झोप लागली असती. इथं वीस रुपये मोजलेला पोरगा कान देऊन ऐकतो.

नाव लपवून काम करण्याबद्दलही टोमणे ऐकलेत. तुमचं अक्षर दुसऱ्याच्या जर्नलमध्ये कसं चालतं, वगैरे. अक्षर त्यांचंच असतं, ते उतरवून घेतात. पण मुद्दा कळला. टी-टेस्टच्या, म्हणजे लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढायच्या चाचणीच्या, कोष्टकावर 'स्टुडंट' असं नाव असतं. एकानं मला विचारलं होतं, "कुठल्या कॉलेजचा स्टुडंट हा?" तो होता विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, नोकरीला. कंपनी माणसांना स्वतःच्या नावानं लेख छापू देत नसे, म्हणून १९०८ साली त्यानं 'स्टुडंट' या नावानं छापला. तो विद्यार्थ्याच्या नावामागे लपला, मी विद्यार्थ्यांच्या नावांमागे. आता हे म्हणजे फारच झालं, हे मलाही कळतंय. त्यानं नवीन काहीतरी शोधून काढलं होतं. मी 'सिग्मा एक्स वर्ग'चा, म्हणजे वर्गांच्या बेरजेचा, रकाना भरते.

तर ती मुलगी. ज्यांना थोडंफार माहीत आहे ते खरं तर तिच्याबद्दलच विचारत असतात, मला कळतं.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवी गावची होती. वडील मिरकरवाडा बंदरात बोटीवर खलाशी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तिला स्टॅट होतं, आणि त्या वर्षाचं तिचं अख्खं जर्नल माझ्या काउंटरवर तयार झालं. सगळी प्रॅक्टिकलं, एकही सोडलं नाही. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीनं आखलेले, उत्तराखाली दोन रेघा. त्या वर्षी पैकीच्या पैकी गुण आले जर्नलला. पुढल्या पावसात तिचे वडील दुकानात आले. जून-जुलै मासेमारी बंद, म्हणून ताजं काही नव्हतं; वर्तमानपत्रात बांधलेले सोडे काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "घरचे आहेत मॅडम. पोरगी सांगते, तुमच्यामुळं झालं." सोड्यांचा भाव ज्याला माहीत आहे त्याला ती पुडी केवढ्याची होती ते कळेल. मी घेतली. त्या रात्री सोड्यांची खिचडी केली आणि घरात सगळ्यांना सांगितलं, कुणी आणून दिले ते.

बीएस्सी झाल्यावर तिला एका काजूच्या कारखान्यात मुलाखतीला बोलावलं. पॅकिंगवर देखरेख, म्हणजे त्यांच्या भाषेत क्वालिटी. तिनं फाइलमध्ये मार्कशिटांबरोबर ते जर्नलही नेलं, कारण तिच्याकडच्या कागदांत सगळ्यात चांगला शेरा त्याच्यावर होता. तिथल्या साहेबांनी पट्ट्यावरची पाच पाकिटं उचलली, प्रत्येकावर २०० ग्रॅम छापलेलं, आणि तिच्याकडूनच काट्यावर ठेवून घेतली. २०१, २०२, २०३, २०३, २०४. म्हणाले, सरासरी आणि एसडी काढ.

तो कागद तिनं दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर ठेवला. रकाने पट्टीनं आखलेले. सूत्र जर्नलमधलंच : वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग, मग त्याचं वर्गमूळ. बेरीज १०१३. सरासरी २०२.६, आणि त्याच्या पुढे : अंदाजे २०३. वर्गांची बेरीज २०५२३९, भागिले पाच, ४१०४७.८. वजा २०३ चा वर्ग, ४१२०९. उत्तर वजा १६१.२. त्याखालच्या ओळीत वजा नाही. नुसतं १६१.२, त्याचं वर्गमूळ १२.७. खाली दोन रेघा.

"मॅडम, कुठं चुकलं?"

मी तिच्यावर चिडले. पाच पाकिटं, सगळ्यात हलकं २०१, सगळ्यात जड २०४, सगळा मिळून फरक तीन ग्रॅमचा, आणि सरासरीपासून ती साडेबारा ग्रॅम इकडेतिकडे जातील कशी? पाचनं भागून काढलेलं प्रमाण विचलन कमाल आणि किमान यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त असूच शकत नाही. इथं दीडच्या वर जायलाच नको. आणि वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग हे वजा येतं तरी कसं? आलं तर थांबायचं नाही? वजा कुठं गेलं?

"वजाचं वर्गमूळ निघत नाही ना," ती म्हणाली, "म्हणून काढून टाकलं."

तिच्या बाजूनं हे अगदी तर्कशुद्ध होतं. मी म्हटलं, अगं पण २०२.६ चं २०३ कुणी करायला सांगितलं होतं? ह्या सूत्रात सरासरीला हात लावायचा नसतो. ४१०४७.८ मधून ४१०४६.७६ वजा करून जेमतेम १.०४ उरतं; नारळांनी भरलेला ट्रक दोनदा काट्यावर घालून एका काजूचं वजन काढण्यातला हा प्रकार आहे. सरासरी पॉइंट चारनं हलवलीस की तिचा वर्ग १६२ नं हलतो.

ती काही बोलली नाही. जर्नल उघडून चौथं प्रॅक्टिकल काढलं आणि माझ्याकडे फिरवलं. तिच्या मोत्यासारख्या अक्षरात माझी पायरी : सरासरी ६४.९८, अंदाजे ६५.

मीच केलं होतं ते. तो दिवस मला आठवत नाही, पण असे दिवस आठवतात. बाहेर रांग, झेरॉक्सचा कागद अडकलेला, आणि ६४.९८ चा वर्ग करण्यापेक्षा ६५ चा वर्ग तोंडपाठ असतो. माझ्या डोळ्यांना दिसत होतं की इथं विचरण, म्हणजे एसडीचा वर्ग, नव्वदच्या घरात आहे, अडीच-तीनचा फरक पडला तरी एसडी ९.६७ ऐवजी ९.५४ येईल, तपासणारे बघणारही नाहीत. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. कागदावर फक्त 'अंदाजे' होतं. तिनं कागदावर होतं तेवढं घेतलं.

मग मी तिला दुसऱ्या रीतीनं करून दाखवलं. प्रत्येकातून २०० काढ. १, २, ३, ३, ४. सरासरी २.६. वर्गांची बेरीज ३९, भागिले पाच ७.८, वजा ६.७६, उरले १.०४. एसडी १.०२. दहावीला जी गृहीतमध्य पद्धत शिकतात तीच, तोंडी होते. मी दोनच पायऱ्या सांगितल्या, उरलेलं तिनंच मिनिटाभरात केलं. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मग जर्नलमध्ये असं का नाही केलंत?"

कारण प्रॅक्टिकलच्या शीटवर सूत्र छापलेलं होतं आणि तपासणाऱ्यांना त्याच रकान्यांत उत्तर हवं होतं. हे मी तिला सांगितलं. खरंही आहे ते. तिनं मान हलवली, कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि गेली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. नोकरी तिला मिळाली नाही. फक्त त्या वजा चिन्हामुळं नाही मिळाली असं मी म्हणणार नाही, एका मुलाखतीवरून असे निष्कर्ष काढू नयेत हे मीच शिकवते. पण तुम्हाला माहितीय मला काय वाटतं ते.

वर्गात शिकवायचे तेव्हा मी एक वाक्य फार ऐटीत म्हणायचे : दुसऱ्यानं सोडवलेलं गणित बघणं म्हणजे पुळणीवर बसून पोहायला शिकणं. आजही ते फळ्यावर छान दिसेल. पण त्या तेव्हाच्या मॅडमना मी विचारीन, पाण्यात उतरायच्या आधी कुणाला तरी पोहताना बघावं लागतं की नाही? ज्या मुलाचं अर्धं सत्र शिक्षकाविना गेलं त्यानं कुणाला बघायचं? त्या म्हणतील, बघू दे की, पण तू त्याच्या जागी पोहून सर्टिफिकेट त्याच्या हातात देतेस. यावर मी त्यांना म्हणते, तुमच्या वर्गातून पास झालेल्यांना तरी वजा एसडी दिसली की दचकायला होतं का? त्या गप्प बसतात. मीही बसते. असं बरेचदा चालतं, साधारण दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसताना.

त्यानंतर मी एक नियम केला. गणित सोडवायच्या आधी पोरानं नुसतं आकड्यांकडे बघून अंदाज पेन्सिलीनं लिहायचा. सरासरी कितीच्या आसपास, फैलाव किती. मग मी बोलेन, पेन त्याच्या हातात. सुरुवातीला पोरं वैतागतात. मी म्हणते, मच्छी मार्केटात पाच बांगड्यांचा वाटा बघितल्यावर ते एकसारखे आहेत की लहानमोठे, हे तुला सांगावं लागतं का? नाही ना. तेच एसडी. आंब्याच्या पेटीचा वरचा थर बघून कुणी अख्ख्या पेटीचा भाव देतं का? तो वाईट नमुना. इथल्या पोरांना हे सगळं येतं. फक्त जर्नलच्या कागदावर आकडे आले की ते डोळे मिटून घेतात, आणि डोळे मिटून घ्यायची सवय त्यांना आमच्यासारख्यांनीच लावली.

नियम बरा आहे. पाळते का? गेल्या शनिवारी संध्याकाळी एक मुलगा आला. सोमवारी सबमिशन, सहा गणितं, लांज्याची शेवटची गाडी तासाभरानं. बाहेर मुसळधार पाऊस, लाइट गेलेली, मोबाइलचा टॉर्च कपात उभा करून ठेवलेला. मी पेन्सिल त्याच्या हातात दिलीच नाही. सहाही गणितं मी केली, तो उतरवत गेला. एकशेवीस रुपये घेतले. पाचव्या गणितात सरासरी ४७.९६ आली. मी ४७.९६ लिहिलं.

त्यानं मान वर करून विचारलं, "मॅडम, ४८ लिहू का? सोपं पडेल."

मी म्हटलं, "नको."

का, ते त्यानं विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती. मीही सांगितलं नाही.