मामोनास गेले तो रविवार

ब्राझीलमध्ये, साओ पाउलोतल्या माझ्या ऑफिसात आज जे चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांच्याकडून मी एकच आठवण वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहे. ३ मार्च १९९६, रविवार. सकाळी टीव्ही लावला तर प्रत्येक चॅनेलवर तीच बातमी: मामोनास असासिनास गेले. पाचही जण. ऐकणारी ती आठ-दहा वर्षांची मुलं. घरात तोवर कुणी गेलेलं नव्हतं आणि ज्यांची गाणी म्हणून शाळेत ओरडा खाल्ला होता, ते एका रात्रीत नाहीसे झाले.

मामोनास हा विनोदी गाण्यांचा बँड. गाणी चावट, वात्रट, आणि तरी लहान मुलंच त्यांची सगळ्यात मोठी भक्त. पोरं ग्वारूल्योसची. भारतातून साओ पाउलोला येणारा माणूस ज्या विमानतळावर उतरतो, तिथलंच हे कामगारवस्तीचं शहर. आधी त्यांचा 'उतोपिया' नावाचा गंभीर रॉक बँड होता. त्यांच्या रेकॉर्डच्या हजार प्रती निघाल्या, शंभरही खपल्या नाहीत. १९९० मध्ये एका कार्यक्रमात लोकांनी गन्स अँड रोझेसच्या गाण्याची फर्माईश केली. बँडमध्ये कुणालाच शब्द येईनात, तेव्हा गर्दीतून जीन्यो नावाचा मुलगा स्टेजवर चढला. शब्द त्यालाही येत नव्हते! त्याने मनाला येईल ते गायलं, लोक हसून लोळले आणि बँडला गायक मिळाला.

जून १९९५ मध्ये मामोनास या नव्या नावाने त्यांचा अल्बम आला आणि वीस लाखांच्या वर खपला. नुसत्या टवाळीवर एवढं होत नाही. बँडमधल्या बेंतो हिनोतोची गिटार नीट ऐका. हेवी मेटल, फोहो आणि पागोजी हे ब्राझीलचे नाचगाण्याचे प्रकार, पोर्तुगालचं लोकनृत्य, ज्याची नक्कल करायची ते आधी अस्सल वाजवता यायला हवं, आणि या पोरांना ते येत होतं.

मला सगळ्यात जवळचं गाणं 'शोपिस सेंटिस'. ईशान्य ब्राझीलमधून साओ पाउलोत मजुरीला आलेला एक साधा माणूस आपल्या मैत्रिणीला घेऊन मॉलमध्ये जातो आणि हरखून जातो, एवढीच गोष्ट. जीन्यो स्वतः त्याच भागातला, बाहियातल्या इरेसे गावात जन्मलेला. या शहरात तिकडच्या लोकांच्या बोलण्याची थट्टा आजही होते. पण गाण्यातला तो मजूर खरोखर खूश आहे, त्याचा आनंद कुणी हिसकावत नाही. पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेल्या मला ते फार भिडतं.

जानेवारी १९९६ मध्ये ते ग्वारूल्योसच्या मोठ्या क्रीडागृहात वाजवायला आले. याच जागेने त्यांना पूर्वी दारातून परत पाठवलं होतं. जीन्योने भर कार्यक्रमात ते सांगितलं आणि समोरच्या पोरांना म्हणाला की अशक्य असं काही नसतं. ते चित्रीकरण मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. विदूषकाचा वेष केलेला तो मुलगा त्या क्षणी अजिबात थट्टा करत नव्हता.

२ मार्चला ब्राझिलियातला कार्यक्रम आटोपून ते छोट्या लिअरजेटने घरी निघाले. पुढचा मुक्काम पोर्तुगाल होता. रात्री सव्वाअकराच्या सुमारास विमानाचं उतरणं चुकलं, वैमानिकाने ते पुन्हा वर घेतलं आणि उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळवलं. डावीकडे कांतारेइराचा डोंगर. थकलेले वैमानिक, अंधार. नऊ जण गेले: जीन्यो, बेंतो, जुलियो रासेक, सामुएल आणि सेर्जियो रेओली हे दोघे भाऊ, त्यांचे दोन सहकारी आणि दोन वैमानिक. रेओलींच्या घरातून तर एकाच रात्री दोन मुलगे गेले, याचा विचारही करवत नाही.

त्याच क्रीडागृहात अंत्यदर्शन झालं, रांगा लांबच लांब. ४ मार्चला दफन केलं. त्या दिवशी जीन्यो पंचवीस वर्षांचा झाला असता.

इथे वाढदिवसाच्या पार्टीत त्यांचं गाणं लागलं की आईबाप आणि त्यांची मुलं एकत्र, शब्द न् शब्द म्हणतात. मुलं तर तेव्हा जन्मलेलीही नव्हती. मला राग येतो तो एवढ्याचाच की दुसरा स्टुडिओ अल्बम कधी आलाच नाही. पोर्तुगीज येत नसेल तरी 'व्हिरा-व्हिरा'पासून सुरुवात करा, आणि मग 'शोपिस सेंटिस' अर्थ शोधून ऐका.