दिलास कुणाला?

रविवार, रात्री साडेदहा

आजच्या हॉकी मॅचमध्ये मी गोलकीपर म्हणून तीन गोल खाल्ले. पहिला ड्रॅग फ्लिकवर (स्टिकने चेंडू ओढत नेऊन उचलून मारलेला फटका), माझ्या उजव्या खांद्याच्या वरून थेट कोपऱ्यात. स्टिक पोचलीच नाही. तो गोल मी मान्य करते, चांगलाच मारला होता. झोप उडवलीय ती बाकीच्या दोन गोलांनी, कारण त्या दोन्ही वेळा पहिला फटका मी अडवला होता.

दुसरा गोल अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांची फॉरवर्ड डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, वरच्या टोकाशी होती, बारा-तेरा मीटरवर. जमिनीलगत जोरदार फटका, माझ्या उजव्या पायाकडे. पाय वेळेवर गेला. किकरवर, म्हणजे बुटावरच्या फोमच्या पॅडवर, थप् असा भरीव आवाज आला आणि त्या आवाजाने मला हायसं वाटलं. तेवढ्यात चेंडू सरळ समोर, पेनल्टी स्पॉटजवळ, आणि तिथे त्यांचीच दुसरी मुलगी. माझं सगळं वजन अजून उजव्या पायावर, डावी बाजू अख्खी मोकळी. तिने नुसता ढकलला. तिसरा गोलही जवळपास असाच झाला, फक्त पाय डावा होता.

मॅच संपल्यावर सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अडवलास छान. पण दिलास कुणाला?"

इतकी वर्षं मी सराव केला तो गोल झाकायचा. ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच, त्यात मी कुठे उभी राहिले की किती जागा उघडी पडते, पुढे किती यायचं, खांब मागे कुठे आहे. हे सगळं आता अंगात मुरलंय. चेंडू लागल्यावर तो कुठे जाणार, हा विचार मात्र मी नेहमी डिफेंडर्सवर सोडून दिला. खरं तर आताच्या फोमच्या पॅडमुळे तो विचार जास्त गरजेचा झालाय. पूर्वीच्या कॅनव्हास आणि वेताच्या पॅडवर आपटून चेंडू बराचसा पायाशीच पडायचा. फोम त्याला उसळून लांब फेकतो. नीट वळवला तर तीच उसळी आपल्या बाजूने, नाही तर समोरच्या टीमला आयता पास.

सगळे गेल्यावर सरांनी मला अर्धा तास थांबवलं. गोलच्या दोन्ही बाजूंना, खांबांपासून चांगले लांब, खुणेचे कोन (शंकू) ठेवले. आमची फुलबॅक, म्हणजे मागची डिफेंडर, पेनल्टी स्पॉटवर स्टिक घेऊन उभी. समोर येणारा प्रत्येक चेंडू तिने गोलमध्ये घालायचा आणि मी प्रत्येक चेंडू कोनच्या बाहेरून काढायचा. पहिल्या दहांपैकी सहा तिच्याकडे गेले. सहा!

मग सरांनी मला एकाच जागी उभं केलं आणि चेंडू हाताने हळू सोडायला लागले. चूक तेव्हा दिसली. चेंडू पायाशी येईपर्यंत मी वाट बघते, वजन टाचांवर राहतं. टाचेवर वजन असलं की किकरचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि चेंडू त्यावरून हवेत उडून समोरच पडतो. सरांनी खांद्याला धरून मला पुढे वाकवलं, डोकं गुडघ्याच्या पुढे येईल इतकं. चेंडूकडे एक तिरकं पाऊल टाकायचं, आणि जिथे काढायचाय तिकडे गुडघा आणि पायाची बोटं वळलेली हवीत. पाय उचलून लाथ मारायची नाही, पाऊल टाकतानाच चेंडू अंगठ्याच्या बाजूला भेटला पाहिजे. पाचवा की सहावा चेंडू असा लागला की आवाजच वेगळा आला, कोरडा आणि छोटा. चेंडू जमिनीला चिकटून कोनच्या बाहेर गेला. फुलबॅक तिकडून ओरडली, "हाच!"

हाताचंही तेच. वर आलेल्या चेंडूवर मी डावा तळवा सरळ समोर धरते, मग तो समोरच पडतो. मनगट थोडं बाहेर वळवलं की चेंडू गोलच्या बाजूने निघून जातो. गोल वाचवताना हाताने चेंडू असा बाजूला काढायला नियमाची आडकाठी नाही. पण डाव्या मनगटाला अजून सवय नाही, दोनदा चेंडू खांबालाच लागला.

शेवटच्या दहांत दोनच तिच्याकडे गेले. सरांचे चेंडू मॅचइतके वेगवान नव्हते, हे मला माहीत आहे. तरीही मला फार आनंद झाला.

घरी येऊन टोकियो ऑलिंपिकमधली उपांत्यपूर्व फेरीची मॅच पुन्हा लावली, भारताने ऑस्ट्रेलियाला १–० ने हरवलं ती. त्यात भारताच्या गोलमध्ये उभ्या सविता पूनियाचे बचाव मी कितीदा पाहिलेत! आज बचावावर नजर ठेवलीच नाही, त्याच्या पुढचा एक सेकंद पाहिला. चेंडू कुठे गेला, ती परत पायांवर कधी आली, जवळची डिफेंडर कुठे होती. वहीत दोन पानं भरली.

फुलबॅकचा मघाशी फोन आला होता. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे समोरच्या टीमला गोलवर फटक्याची खास संधी मिळते तेव्हा, गोललाइनमागे आम्ही पाच जणी असतो, पण रिबाउंड, म्हणजे अडवून परत उसळलेला चेंडू, कुणी घ्यायचा हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. आता ठरलंय: फटका बसला की मी एकच शब्द ओरडणार, 'डावी' किंवा 'उजवी', आणि त्या बाजूची चेंडूवर जाणार.

किकर पुसायला घेतले तेव्हा एक गोष्ट दिसली. दोन्हींच्या आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, चेंडूचे पांढरे ओरखडेच ओरखडे आहेत. अंगठ्याजवळचा भाग जवळपास कोरा. उजव्यावर तिथे आजचे चार-पाच ताजे डाग आहेत, ते मी पुसले नाहीत.

टेनिस बॉल पिशवीत टाकलेत. सकाळी सहाला भिंतीसमोर, आधी डावं मनगट.