ताओला ‘वाट’ म्हणावं का?

चीनमधल्या तत्त्वज्ञान परिषदेत सगळ्यात आधी होतो तो फोटो. अजून कुणाची कुणाशी धड ओळख झालेली नसते, चहाही पोटात गेलेला नसतो, आणि शंभरेक माणसं पायऱ्यांवर उभी केली जातात. पुढच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या, अर्थातच ज्येष्ठतेप्रमाणे. रीतिरिवाज पाळायला सांगणाऱ्या कन्फ्यूशिअसचे अभ्यासक आपापली चिठ्ठी बरोबर शोधून बसतात. असल्या रीतींना हसणाऱ्या ताओवादी च्वांगझचे अभ्यासक मागे झाडाखाली गप्पा मारत असतात, त्यांना दोनदा हाका माराव्या लागतात. हे मी दरवेळी पाहते आणि दरवेळी मला हसू येतं.

यंदाची परिषद च्यांगशी प्रांतात होती. पेपरला पंधरा मिनिटं. बाराव्या मिनिटाला एक घंटा, पंधराव्याला दोन. एवढ्या वेळातही प्रत्येक वक्ता सुरुवातीला म्हणणारच की, ‘मी आपली वीट टाकतोय, बदल्यात जेड मिळावं म्हणून.’ ही तिकडची ठरलेली विनम्रता. मीही टाकली वीट. उच्चार नीट व्हावा म्हणून सावकाश टाकली, त्यात अर्धं मिनिट गेलं.

माझा विषय इ. स. ६४७ मधल्या एका भांडणाचा होता. आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग भारतातून परत गेल्यावरची ही गोष्ट. कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामकडच्या, भास्करवर्मन राजाला ताओवादाचा आद्य गुरू लाओझ याचा ग्रंथ संस्कृतात हवा होता. चीनच्या थांग सम्राटाने ते काम ह्युएन त्संगवर सोपवलं आणि मदतीला तीसेक ताओवादी पंडित दिले. रोज बैठक, रोज वाद. मुख्य भांडण एका शब्दाचं: त्या ग्रंथाचा गाभा असलेल्या ‘ताओ’ला संस्कृतात काय म्हणायचं? ताओवादी म्हणाले, ‘बोधी’ म्हणा. जुन्या बौद्ध भाषांतरांत बोधीला ताओच म्हणत आले होते, मग उलटं का चालू नये? ह्युएन त्संग म्हणाला, बोधी म्हणजे जाग येणं. ताओ म्हणजे ‘मार्ग’, आणि मी मार्गच लिहिणार. पुढे प्रस्तावनेवरून पुन्हा जुंपली. तीत दात वाजवून थुंकी गिळायच्या साधनेचं वर्णन होतं. असलं काही परदेशी पाठवायची लाज वाटते, म्हणून त्याने ती भाषांतरित करायला साफ नकार दिला. ते संस्कृत भाषांतर आज कुठेच सापडत नाही. भांडण मात्र नोंदवलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच होतं की ह्युएन त्संग बरोबर होता. पहिली घंटा वाजली तेव्हा मी निष्कर्षावर होते, त्यामुळे जरा खूश होते.

तिकडे प्रत्येक पेपरला एक ‘पिंगयीरन’ नेमलेला असतो, म्हणजे पेपर आधी वाचून त्यावर बोलणारा. माझ्या वाट्याला सत्तरीचे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी माझ्या पेपरची प्रिंट काढली होती आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरं लिहिली होती. ‘फार शिकायला मिळालं’ असं म्हणून त्यांनी तीन वाक्यं कौतुक केलं. या परिषदांना जाऊन जाऊन मला कळलंय की कौतुक चालू असताना पाणी पिऊन घ्यावं आणि ‘दान्शृ’ हा शब्द आला की कान टवकारावेत. दान्शृ म्हणजे ‘पण’.

दान्शृ, मार्ग कुठेतरी नेतो, ते म्हणाले. बुद्धाचा मार्ग दुःखातून बाहेर नेतो, त्याला शेवट आहे. लाओझच्या बेचाळिसाव्या प्रकरणात ताओतून एक निघतो, एकातून दोन, दोनातून तीन आणि तिनातून सगळं. ज्या रस्त्यातून जग जन्माला येतं, तो कुठे पोचवणारा रस्ता? शब्द बरोबर असेल, पण तुमच्या ह्युएन त्संगने लाओझला बौद्ध करून ठेवलं. मग त्याच्यात आणि त्या तीस जणांत फरक काय राहिला?

मला उत्तर सुचेना. खरं सांगायचं तर राग आला, कारण मुद्दा पटला होता. उत्तराला दोन मिनिटं होती, त्यातलं अर्धं मी कागद चाळण्यात घालवलं. मग तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, माझ्या भाषेत मार्ग हा पुस्तकी शब्द आहे, बोलण्यातला शब्द ‘वाट’. आम्ही कुणासाठी थांबतो तेव्हा ‘वाट पाहतो’. एखाद्या गोष्टीचा सत्यानाश झाला की तिची ‘वाट लागते’. आणि मनात एखादं मत उमटलं की आम्हाला तसं ‘वाटतं’. तुमच्या ताओचा दुसरा अर्थ ‘सांगणं’. लाओझच्या पहिल्याच ओळीत तो शब्द दोन्ही अर्थांनी येतो. आमची वाट सांगत नाही, ती नुसती वाटते. (वाट आणि वाटणं यांची व्युत्पत्ती एक की वेगळी, या भानगडीत मी पडले नाही. दोन मिनिटांत कोण पडणार!)

दोन घंटा वाजल्या. प्राध्यापक मान खाली घालून काहीतरी लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसने लूशान डोंगराच्या पायथ्याशी नेलं, पांढऱ्या हरणाच्या गुहेच्या विद्यापीठात. गुहा मुळात नव्हतीच. चहूकडे डोंगर आणि मधे खोलगट जागा, म्हणून नाव पडलं. मिंग काळात लोकांनी नावासाठी गुहा बांधून आत दगडी हरीण बसवलं. हरणापुढे पुन्हा फोटो.

बसमध्ये प्राध्यापक माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी झू शी आणि लू च्यु-युआन या बाराव्या शतकातल्या दोन कन्फ्यूशिअसपंथी तत्त्वज्ञांचा विषय काढला. मला तो माहीत होता, पण त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. ११७५ साली ल्यू झूछ्येन या समाईक मित्राने दोघांची अहू नावाच्या ठिकाणी गाठ घालून दिली, समेट व्हावा म्हणून. झू शी म्हणे, आधी भरपूर वाचा, मग सार काढा. लू म्हणे, आधी आपलं मन ओळखा. लू आणि त्याच्या भावाने कविता वाचल्या, त्यात झू शीच्या अभ्यासाला तुकड्या-तुकड्यांचा पसारा म्हटलेलं ऐकून त्याचा चेहरा उतरला. लूला अजून एक प्रश्न विचारायचा होता: याव आणि शुन या दंतकथांतल्या आदर्श राजांच्या आधी वाचायला पुस्तकं तरी कुठली होती? त्याच्या भावाने त्याला आवरलं. समेट झाला नाही.

सहा वर्षांनी झू शीने त्याच लूला याच विद्यापीठात बोलावून व्याख्यान द्यायला लावलं. थोर माणसाला न्याय कळतो, क्षुद्र माणसाला नफा, या कन्फ्यूशिअसच्या वाक्यावर. नोकरीसाठी परीक्षांची घोकंपट्टी करणाऱ्यांवर लू असा काही बोलला की समोरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हवेत गारठा होता, तरी झू शी घामाघूम होऊन पंखा हलवत होता. नंतर त्याने ते व्याख्यान दगडावर कोरून घेतलं.

‘मतं मात्र तीच राहिली, दोघांचीही,’ प्राध्यापक म्हणाले आणि त्यांना डुलकी लागली.

परतल्यावर आठवड्याभराने त्यांची मेल आली. लाओझच्या अडतिसाव्या प्रकरणात आहे की ताओ हरवल्यावर सद्गुण उरतो, सद्गुण हरवल्यावर माणुसकी, आणि असं खाली खाली जात शेवटी नुसते रीतिरिवाज. त्यांनी विचारलं होतं, तुमच्या त्या शब्दांपैकी इथे कुठला बसेल? मी लिहिलं, दोन बसतात: ‘वाट चुकल्यावर’ आणि ‘वाट लागल्यावर’. पहिल्यात माणूस परत येऊ शकतो, दुसऱ्यात काही उरत नाही. त्यांनी उलट लिहिलं, मग रीतिरिवाज उरतात ते कशाचे?

हा प्रश्न गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. पुढच्या परिषदेचा सारांश पाठवायची मुदत शुक्रवारी संपतेय, आणि शीर्षकाच्या जागी मी अजून दोन्ही लिहून ठेवलेत.