अभिप्रायाचा रकाना

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज कार्तिकी एकादशी. दुपारी तोंडी परीक्षा झाली, अहवालावर सही मिळाली आणि चार महिन्यांचा ग्रामीण कृषी कार्यानुभव, ज्याला आम्ही सगळेच नुसते ‘रावे’ म्हणतो, एकदाचा संपला. मेसमध्ये भगर आणि शेंगदाण्याची आमटी होती. ती मी दोनदा मागून घेतली, यावरून मन हलके झाले आहे एवढे मला कळते. जुलैपासूनची पाने आत्ता चाळत होते, तर तिसऱ्याच दिवशी ‘हे सगळे कशासाठी?’ असे लिहिलेले सापडले, आणि ऑगस्टमधल्या काही पानांवर तर नुसती तारीख आहे.

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात विद्यार्थ्यांनी गावात राहावे, यजमान शेतकऱ्याबरोबर शेतात काम करावे आणि शिकलेले तंत्र गावापर्यंत पोहोचवावे, अशी ही योजना आहे. मुलगे कृषिदूत आणि मुली कृषिकन्या. आम्ही सहा कृषिकन्या औसा तालुक्यातील एका गावात पत्र्याच्या एका खोलीत राहिलो. खोलीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होती ती कामाबद्दल, किंवा खरे सांगायचे तर कामासारख्या दिसणाऱ्या गोष्टीबद्दल.

तिचा नमुना म्हणून बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे पिकांवर फवारायच्या बुरशीनाशकाचा, दिवस पुरेसा आहे. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, या प्रमाणात आम्ही मारुतीच्या पारावर दहा लिटर मिश्रण तयार केले. मिश्रणात विळा बुडवून पाहायचा आणि त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालायचा, हेही मी मोठ्या तन्मयतेने करून दाखवले. समोर अकरा माणसे बसली होती, त्यांतली चार आमच्या घरमालकांची. सगळे झाल्यावर एका आजोबांनी विचारले, “ताई, हे फवारायचं कशावर?” मी म्हणाले, “द्राक्षावर, संत्र्या-मोसंबीवर.” त्या गावाच्या शिवारात सोयाबीन, तूर आणि थोडा ऊस, द्राक्षाची एक वेल नाही. आजोबा रागावले नाहीत. “मागल्या साली आलेल्या पोरींनीबी हेच केलं होतं,” एवढे म्हणाले, आणि उठता उठता विळा मागून घेतला. दोन्ही वर्षी तो त्यांचाच होता.

त्या दिवशी फलक धरून फोटो काढला, वर्तमानपत्रासाठी चार ओळी पाठवल्या आणि नोंदवहीतला ‘शेतकऱ्यांचा अभिप्राय’ हा शेवटचा रकाना ‘शेतकऱ्यांनी समाधान व्यक्त केले’ असा भरला. निंबोळी अर्क, माती परीक्षणासाठी नमुना घेणे, कामगंध सापळे, जनावरांचे लसीकरण या सर्वांसमोर मी तेच वाक्य लिहिले आहे. मोजून एकोणीस वेळा. आमचे मार्गदर्शक चार महिन्यांत दोनदा आले आणि दोन्ही वेळा नोंदवहीची पाने भरली आहेत ना एवढेच पाहून गेले. मला त्यांचा फार राग येत असे. पण पाने भरणारी मीच होते, हे तेव्हा सुचले नाही.

ऐन पोळ्याच्या तोंडावर अतिवृष्टी झाली. सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी साचले आणि गावातल्या लोकांना पहिल्यांदाच आमची गरज पडली, तीही आम्हाला नको असलेल्या कामासाठी. पीकविम्याच्या नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती. ती मोबाईलवरून द्यायची तर गट क्रमांक, पेरणीची माहिती, नुकसानीचे कारण आणि शेतात उभे राहून काढलेला फोटो, एवढे सगळे भरावे लागत होते, आणि गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर येते. आम्ही दोन दिवस त्या जिन्यावर बसून होतो. ‘हे आमच्या अभ्यासक्रमात नाही’ असे मी त्या रात्री लिहून ठेवले आहे. शब्द कडवट आहेत आणि अक्षर त्याहून वाईट. एका मावशींचा अर्ज तीनदा अर्धवट राहिला, चौथ्यांदा रात्री साडेदहाला गेला आणि क्रमांक आला. तो त्यांनी माझ्याकडून पेनाने तळहातावर लिहून घेतला. नोंदवहीत या दोन दिवसांना रकानाच नव्हता, म्हणून ते कोरे राहिले.

दसऱ्यानंतर त्याच मावशी खोलीवर आल्या. सोयाबीन निघाले होते. ४८९२ रुपये हमीभाव कागदावर आणि हातात येणारा भाव त्याच्या बराच खाली, त्यामुळे विकावे की घरात ठेवावे हीच चर्चा गावभर होती. मावशींना मात्र रब्बीची चिंता लागलेली. त्यांनी ओच्यातून मूठभर हरभरा काढून माझ्यासमोर धरला. घरचेच बियाणे, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले, तरी काही दाण्यांना भुंग्याने भोक पाडले होते. “नवं घ्यायला पैसे नाहीत. ह्यातलं किती उगवंल, ते तुझ्या पुस्तकात बघून सांगतीस का?”

पुस्तकात ते नव्हते, पण रीत होती. आम्ही गोणपाटाचे तीन तुकडे धुऊन ओले केले आणि प्रत्येकावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडले. मांडताना चांगले दाणे निवडायचा मोह होतो, म्हणून मावशींनाच डोळे मिटून मुठी भरायला लावल्या. वर दुसरे ओले गोणपाट टाकून वळकटी केली आणि ओसरीच्या सावलीत ठेवून दिली. पहिल्याच दुपारी घरमालकिणीच्या कोंबडीने एक वळकटी उकरून दोन ओळी फस्त केल्या. ती सगळी नव्याने मांडावी लागली, आणि पुढचे सहा दिवस तिन्ही वळकट्या टोपलीखाली, टोपलीवर दगड, अशा बंदोबस्तात राहिल्या. मी सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला जात असे. मला कुणी तसे सांगितले नव्हते, आणि फोटोही काढायचा नव्हता.

सहाव्या दिवशी वळकट्या उघडल्या तेव्हा ओल्या तागाचा आणि मोडाचा मिळून येणारा कोंदट, गोडसर वास आला. काही दाण्यांना बोटाच्या पेराएवढे पांढरे मूळ आले होते, काही नुसते फुगले होते आणि भोक पडलेले बहुतेक बुळबुळीत झाले होते. मावशी माझ्याबरोबर मोजायला बसल्या. जोमदार मूळ असलेलाच दाणा धरायचा, वाकडातिकडा सोडून द्यायचा, हे एकदा सांगितल्यावर त्या माझ्यापेक्षा कडक निघाल्या. मी धरलेले दोन दाणे त्यांनी बाजूला काढले. पहिल्या वळकटीत ६६, दुसऱ्यात ७१, तिसऱ्यात ६७. सरासरी ६८.

प्रमाणित हरभऱ्याची उगवण किमान ८५ टक्के असावी लागते आणि त्या बियाण्याचे एकरी तीस किलो धरले, तर ६८ टक्क्यांच्या बियाण्याचे एकरी साडेसदतीस किलो पेरावे लागेल. हे गणित मी खताच्या रिकाम्या पोत्यावर खडूने मांडले. मावशींनी पोत्याकडे पाहिलेही नाही. “म्हंजे एकरी साडेसात किलो जादा,” त्या म्हणाल्या. मग ओसरीच्या खांबाला टेकून थोडा वेळ गप्प बसल्या. “साठ किलो हाय माझ्यापाशी. दोन एकराला पुरत नाही. एक एकर चोवीस गुंठं हरभरा आन् राहिलेलं सोळा गुंठं करडईला.” मी मोबाईल काढून हिशेब ताडून पाहिला. बरोबर होता, गुंठ्यासह.

पेरणीच्या आदल्या संध्याकाळी बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा ही रोगाला रोखणारी बुरशी आणि मग रायझोबियम हे नत्र मिळवून देणारे जिवाणू चोळून सावलीत सुकवले. त्या रानात मर रोगाने मागे बरेच हरभऱ्याचे पीक गेले होते. आमच्यातल्या दोघी दिवाळीसाठी लवकर निघून गेल्या होत्या. सकाळी तिफणीमागे चालताना मी चाड्यात बी सोडायचा प्रयत्न केला, आणि माझ्या हातून पडलेल्या दोन तासांमध्ये, म्हणजे पेरणीच्या ओळींमध्ये, कुठे दाट कुठे विरळ उगवले आहे, ते दिवाळीनंतर गेल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मावशींनी ती तासे शेजारणीला मुद्दाम दाखवली. “हे आमच्या ताईचं,” म्हणून. निघताना ३० डिसेंबरला येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जेवायला यायचे, आंबील आणि भज्जी खाल्ल्याशिवाय जायचे नाही, असे बजावून ठेवले आहे. तेव्हा सत्र परीक्षा असेल बहुधा. तरी जाईन म्हणते.

आज तोंडी परीक्षेत मार्गदर्शक सर नेहमीप्रमाणे भरभर पाने उलटत होते. ‘शेतकऱ्यांनी समाधान व्यक्त केले’ या एकोणीस ओळी त्यांच्या बोटाखालून निघून गेल्या. विसाव्या नोंदीवर, ‘हरभरा, उगवणक्षमता चाचणी’, बोट थांबले. तिथल्या अभिप्रायाच्या रकान्यात मी मावशींचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते: ‘एकरी साडेसात किलो जादा.’ सरांनी ते दोनदा वाचले, मागचे पान उलटून ६६, ७१, ६७ हे आकडे पाहिले, आणि चष्मा काढून विचारले, “साठच किलो होते ना? मग उरलेल्या रानात काय केले त्यांनी?”

“सोळा गुंठे करडई, सर.”

“पेरली?”

“उगवलीसुद्धा.”

त्यांनी मान हलवली आणि सही केली.