हॅम रेडिओचं (हौशी रेडिओचं) लायसन्स मिळालं, पण हँडी गप्पच?

नवा हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, आला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबून कॉल देतात. उत्तर येत नाही आणि रेडिओ कपाटात जातो. खरं कारण बहुधा सेटिंगमध्ये असतं.

दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) रिपीटरचा, म्हणजे आपला सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा, ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) साधारणपणे ६०० किलोहर्ट्झ असतो. प्लस की मायनस, ते आधी बघा. तो उलटा पडला किंवा सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा, आवाजासोबत जाणारा बारीक सूर) टाकायचा राहिला, तर तुम्हाला सगळे ऐकू येतात, तुम्ही मात्र कुणालाच नाही. पीटीटी दाबल्यावर सेकंदभर थांबून मग बोला, नाहीतर कॉलसाइनची (लायसन्सवरच्या तुमच्या रेडिओ-नावाची) पहिली अक्षरंच गिळली जातात.

पुढची अडचण रबरी अँटेनाची. घरात बसून तिच्याकडून फार अपेक्षा नको! त्यापेक्षा स्वतः अँटेना बनवा. एसओ-२३९ सॉकेट (अँटेना केबल जोडायचं), मधल्या पिनला ४९ सेंमीची उभी तार, चार कोपऱ्यांना ५२ सेंमीच्या तारा ४५ अंश खाली वाकवून: झाली १४५ मेगाहर्ट्झची ग्राउंड प्लेन अँटेना. सुरुवातीला उभी तार मुद्दाम ५१ सेंमी ठेवा, मग कापत ४९ कडे या. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप) खालच्या फ्रिक्वेन्सीला सर्वात कमी दिसला तर तार लांब आहे. एका वेळी ३ मिलिमीटरच कापा, त्याने जवळपास १ मेगाहर्ट्झचा फरक पडतो. घाईत जास्त कापली की नवी तार घ्यावी लागते. रेडिओपासून अँटेनापर्यंत आरजी-५८ ही बारीक केबल १५ मीटर टाकली तर निम्मी पॉवर तिथेच संपते, म्हणून केबल शक्य तितकी आखूड ठेवा.

आणि बोलायचं काय? कॉलसाइन, ठिकाण, सिग्नल रिपोर्ट (समोरच्याचा आवाज किती स्पष्ट येतो ते). पहिल्या संपर्काला तेवढं पुरतं.