चर्चची भिंत, चुना आणि काळा गूळ

कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या दुरुस्ती कमिटीत मी अडकलो ते निव्वळ मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून, तोवर नावं लिहून झालेली. वाटलं काय, ओल आलीय, खरवडायचं, वॉटरप्रूफिंगवाला बोलवायचा, दोन महिन्यात विषय संपला. दीड वर्ष झालं आता त्याला.

झालं असं की पूर्वी कधीतरी भिंतींना आतून बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलेलं, वर ऑइलपेंट, आणि मूळ बांधकाम दगड-चुन्याचं. चुन्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडून देते, तिचं तोंडच सिमेंटनं बांधलं तर पाणी जाणार कुठं, मग ते क्षार घेऊन आतल्या आत भिंत फोडत बसतं. मिस्त्री आले, जुने वाडे केलेला माणूस, काही न बोलता बोटानं भिंत वाजवत अख्खं चर्च फिरले, टक टक टक आणि मधेच रिकाम्या डब्यासारखा आवाज. "ऐकलासा? हितं भित न्हाई, नुस्ता पापुद्रा हाय." तेव्हापासनं मला नादच लागला, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला बसलो तरी हात भिंतीकडं.

परवानग्यांचं फार लिहीत नाही. फादरनी बिशपांना पत्र पाठवलं, वेदीला हात लावायचा नाही असं ठरलं, पवित्र साक्रामेंत, म्हणजे आम्ही ख्रिस्ताचं शरीर मानतो ती भाकर, शेजारच्या हॉलमधे नेलं. जुन्या नकाशासाठी मात्र माझ्या पुण्याला दोन खेपा झाल्या, कारण आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत, म्हणजे आमच्या बिशपांच्या कारभाराचा भाग, 2005 चा, त्याआधी आम्ही पुण्याकडं होतो. नकाशा मिळाला नाही तो नाहीच.

मग चुना. भट्टीतला कळीचा चुना हौदात टाकला की पाणी खदखदायला लागतं, वाफ निघते, पोरांना लांब हाकललं कारण डोळ्यात उडाला तर खेळ खल्लास. तो महिनाभर पाण्याखाली मुरवायचा, नंतर वाळू आणि सुरखी म्हणजे विटेची भुकटी घालून मळायचा, त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ. गूळ म्हटल्यावर कोल्हापुरात कमिटीतला प्रत्येकजण एक्स्पर्ट! एकानं पिवळाधमक आणला, मिस्त्रींनी खडा तोंडात टाकला आणि ढेप परत दिली, "पावडर मारल्याला हाय, काळा आना." शेवटी पाहुण्यांच्या गुऱ्हाळावरनं आणला तेव्हा पटला.

दरम्यान छतावरची कौलं उतरवली तर पाठीवर शिक्का, बासेल मिशन, मंगळूर. 1865 ला मंगळुरात कौलांचा कारखाना काढणारी हीच मंडळी, आणि प्रोटेस्टंट. म्हणजे इतकी वर्षं कॅथलिक चर्च भिजू दिलं नाही ते प्रोटेस्टंट कौलांनी, फादर पोट धरून हसले. धड असलेली सगळी कौलं धुवून परत चढवली, वाशांना मात्र वाळवी होती, ते बदलावे लागले.

चूक झाली ती माझ्याकडनं. चुन्याचा थर पातळ द्यायचा आणि सावकाश वाळू द्यायचा, वर ओली पोती टाकून दिवसातनं चार वेळा पाणी मारायचं. संध्याकाळची पाळी माझी. एप्रिलमधे मावसभावाच्या लग्नाला गेलो, दोन दिवस बुट्टी, परत आलो तर वेदीमागच्या भिंतीवर केसासारख्या चिरा, दह्याच्या सायीला पडतात तशा. मिस्त्री ओरडले असते तर बरं वाटलं असतं, ते नुस्तं थापीनं ते खरवडायला लागले. खजिनदारांनी मात्र सगळं ऐकवलं, सिमेंट केलं असतं तर आत्तापर्यंत रंगसुद्धा झाला असता वगैरे, आणि त्यांचं निम्मं खरं होतं कारण पैसा खरंच पाण्यासारखा जात होता.

ती भिंत परत केली. आता तिच्यावर गाल ठेवला तर गार लागते, आमच्या आईला भारी आवडतं, मिस्सा संपली की जाऊन हात फिरवून येते. उत्तरेची भिंत पावसाच्या आधी झाली नाही. हौदातला चुना पाण्याखाली पत्रा टाकून ठेवलाय, दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली की नवीन गूळ आणायचा.